खंडेनवमीचा ड्रम

सिद्धम्मा ऑपरेशन थेटरच्या दारात असली की ट्रस्टचे अध्यक्षसुद्धा दबकून वागायचे. एकदा ते पाहुण्यांना दवाखाना दाखवत आले आणि बोलण्याच्या भरात जमिनीवरच्या तांबड्या रेघेच्या आत चपलेसकट पाऊल टाकलं. सिद्धम्मा हिरव्या फडक्यांच्या घड्या घालत बसली होती. ती उठली नाही की तिनं आवाज चढवला नाही. "अप्पा," ती म्हणाली, "दवाखाना तुमचा. रेघंच्या आत तेवढं माझं." अध्यक्ष हसले, पण पाय मागं घेतला.

आमचा दवाखाना कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, रस्त्याच्या कडेला. गावाचं नाव मी घेत नाही. तीस खाटा, एक थेटर, आजूबाजूच्या वीस-बावीस गावांना तेवढंच. मी तिथं अकरा वर्षं नर्स होते. माझं माहेर कमलनगरकडचं, शाळा मराठी, नर्सिंग उदगीरला. कन्नड मी शिकले ती सिद्धम्माकडून. ती थेटरची आया, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. कडगंचीजवळच्या एका वाडीतली. नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पोटी काही नव्हतं. दवाखान्यात कपडे धुवायला लागली आणि तिथलीच झाली. गळ्यात लिंग, कपाळावर सकाळी लावलेली विभूती, घामानं ती दुपारपर्यंत अर्धी पुसलेली असायची.

तिला अक्षर येत नव्हतं. जुन्या डॉक्टरांनी तिला थेटरात घेतलं तेव्हा जंतू म्हणजे काय हे कसं समजावायचं, असा प्रश्न पडला. डॉक्टर म्हणाले, "सिद्धम्मा, पूजेला बसलेला बामण कुणाला शिवून घेतो का? तसंच हे. उकळून आलेली कात्री सोवळ्यात आहे समज. तिला हात लावायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही."

"आमच्या बसवण्णांनी सोवळं मोडलं," सिद्धम्मा म्हणाली, "आन तुमी परत आणलं व्हय."

पण तिनं ते असं धरलं की शिकलेल्यांनी तिच्याकडून शिकावं. कात्रीच्या सांध्यात ब्रश घालून ती रक्ताचा कणही ठेवायची नाही. मग अवजारं स्टीलच्या गोल डब्यात रचायची. त्याला आम्ही ड्रम म्हणतो. ड्रमच्या झाकणावरून एक कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावरच्या तिरक्या रेघा आधी फिक्या असतात. ड्रम वाफेच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, पुरा वेळ राहिला की त्या रेघा काळ्या होतात. काळी पट्टी म्हणजे आतली वस्तू वापरायला मोकळी. दाबाचा काटा जागेवर आल्यापासून अर्धा तास सिद्धम्मा यंत्राकडं पाठ करायची नाही. कुणी चहाला बोलावलं तर म्हणायची, "लेकरू चुलीजवळ सोडून कोण उठतंय?"

बाळंतिणीला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साबणानं आंघोळ घालणं तिच्याकडं. ब्लेडनं केस काढणं बंद करा, त्या बारीक चिरांतूनच पू धरतो, असं जुन्या डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं वॉर्डातली सगळी ब्लेडं गोळा करून टाकली आणि नंतर कधी दिसलं तर नर्सची उलटतपासणी घेतली. हात धुताना ती कोपरापर्यंत मोजून धुवायला लावायची, कन्नडमध्ये आकडे म्हणत. नव्या डॉक्टरांना, प्रशांतकुमारांना, पहिल्याच दिवशी म्हणाली, "अंगठी काढा सर. बायकोला मी न्हाई सांगत."

आमच्याकडं टाके क्वचित पिकायचे. मोठ्या दवाखान्यातले लोक विचारायचे, तुम्ही काय करता? आम्ही सिद्धम्माकडं बोट दाखवायचो.

तिला सोवळं म्हणून शिकवलं आणि ती ते सोवळं म्हणूनच शिकली. यात कुठं काही राहिलंय, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही देवाधर्मातली आहे. मला तर ते समजावणं फार आवडलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर-विळे पुजतात, ड्रायव्हर गाडी पुजतात, आम्ही थेटर पुजतो. दरवर्षी मोडीत काढलेल्या दोन कात्र्या आणि एक चिमटा ताटात ठेवायचे, हळद-कुंकू, झेंडूची फुलं वाहायची, अँब्युलन्सच्या चाकाखाली लिंबू आणि दारात कोहळा फोडायचा. पाच वर्षांपूर्वीच्या नवमीला मी ताट मांडत होते. सिद्धम्मा येऊन उभी राहिली. ताटातली गंजकी कात्री तिनं उचलून बघितली.

"वर्षभर राबती दुसरी, आन पूजा हिची?" ती म्हणाली. "सिस्टर, तुमच्या घरी मेलेल्या बैलाला पोळी चारतेत का?"

त्या श्रावणात दोन अवघड बाळंतिणी आमच्याकडं वाचल्या होत्या. सिद्धम्माच्या मनात ते होतं. तिनं सीझरचा ड्रम आणला. तो सकाळीच यंत्रातून निघाला होता, पट्टी काळी होती. तिनं पट्टीची एक बाजू नखानं सोडवली, झाकण उचललं, आतली रोजची कात्री काढून ताटात ठेवली आणि झाकण टेकवलं. मी बघत होते. पूजा झाल्यावर ती पुन्हा सगळं लावेलच, असं मी धरून चालले. तिच्या कामात कुणी बोलायचं नसतंच, ही सवय आम्हाला तिनंच लावली होती.

मी कात्रीला हळद-कुंकू वाहिलं. आरती झाली. नारळ फुटला. सिद्धम्मानं कात्री नळाखाली ब्रशनं घासली, छोट्या भांड्यात वीस मिनिटं उकळली, ड्रममध्ये परत ठेवली आणि तीच पट्टी परत चिकटवली. ड्रम यंत्रात ठेवायला ती वळली आणि करंट गेला. जनरेटरवर थेटरचे दिवे चालतात, ऑटोक्लेव्ह चालत नाही. "करंट आला की लावते," ती म्हणाली आणि ड्रम त्याच्या जागेवर ठेवला.

तीन वाजता निंबर्ग्याहून जीप आली. अंबिका, बावीस वर्षांची, दुसरी खेप. पहिलं सीझर होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि ते लेकरू राहिलं नव्हतं. आधीच्या टाक्यावर हात लावला तरी ती कळवळत होती. बाळाचे ठोके उतरत होते. सोबत नवरा बालाजी आणि सासू राजूबाई. प्रशांतकुमार म्हणाले, दहा मिनिटांत आत घ्या.

दुसरा ड्रम सकाळच्या केसला संपला होता.

मी सुईतून अँटिबायोटिक दिलं, सलाईन लावलं आणि दारातून विचारलं, "अक्का, ड्रम झालाय का?"

सिद्धम्मानं ड्रमकडं पाहिलं. पट्टी काळी होती, सकाळीच काळी झालेली. "हाय," ती म्हणाली. "काळी हाय."

मीही पट्टीच पाहिली. मला वाटलं, मध्ये करंट येऊन गेला असेल. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही, घाई होती.

मुलगी झाली. रडली. राजूबाईनं थेटरच्या बंद दाराला हात टेकवून कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबिकाच्या अंगात ताप होता. मी तो खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर लिहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी राजूबाई गावी जाऊन देवीचा अंगारा घेऊन आली. मी दुसऱ्या खाटेशी होते तेव्हा तिनं जखमेवरच्या पट्टीची कड उचलून चिमूटभर अंगारा टाक्यावर सोडला. चौथ्या दिवशी मी पट्टी काढली तर कडेला राख, आणि मधे टाके लाल, ताणलेले. एक टाका सोडल्याबरोबर घाण वासाचा पू आला.

प्रशांतकुमार एरवी शांत माणूस. त्या दिवशी वॉर्डाच्या मध्यात उभं राहून ते राजूबाईला बोलले. "इथं आम्ही हात धुऊन धुऊन कातडं काढतो, आणि तुम्ही राख आणून घालता जखमेत? आता पिकलंय ते बघा."

राजूबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. बालाजी आईकडं बघत होता, तसं बघणं मी नंतर विसरले नाही.

पाचव्या दिवशी अंबिकाचं पोट फुगलं, नाडी धावायला लागली. तिला कलबुर्गीला पाठवलं. अँब्युलन्सच्या चाकाला नवमीच्या लिंबाची साल अजून चिकटलेली होती.

गाडी गेल्यावर सिद्धम्मा माझ्याजवळ आली. "सिस्टर, तो कागद वाचा."

"कुठला?"

"तापाचा. ताप आधी आला का अंगारा आधी?"

मी कागद काढला. तोवर मी स्वतः तो हिशेब केला नव्हता, किंवा करायचा टाळला होता. "ताप आधी," मी म्हणाले. "अंगाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी."

ती खाली फरशीवर बसली. तिथूनच म्हणाली, "ड्रम मी परत लावला न्हवता."

"मग हाय म्हणून कसं सांगितलं, अक्का?"

"खोटं न्हाई सांगितलं. मला खरंच वाटलं, हाय." ती हातांकडं बघत होती. "पूजेतनं आलेली कात्री. देवाच्या पुढं ठेवलेली. ती कशी बाटंल? बाहेर कुठं ठेवली असती, कुण्या डॉक्टरनं हात लावला असता, तर मी मेले तरी दिली नसती. पर पूजेतनं..."

मला तरी कुठं शंका आली होती? कुंकू मीच वाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी ती प्रशांतकुमारांकडं गेली, मला घेऊन. तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "तेव्हाच सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर सगळी अवजारं उकळून घेतली असती. ते पुरेसं नाही, पण काही नसण्यापेक्षा बरं. पुढं पहिल्या दिवसापासून जखमेवर लक्ष ठेवलं असतं. ताप आल्याबरोबर पाठवलं असतं." त्यांनी कलबुर्गीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि इथल्या अवजारांबद्दल शंका आहे एवढं सांगितलं. फोन ठेवून आम्हाला म्हणाले, "बाहेर बोलू नका. थेटर बंद पडलं तर ही वीस गावं कुठं जातील?"

ते खोटं बोलत होते असं मला आजही म्हणवत नाही.

अंबिका बाराव्या दिवशी गेली.

मी देवापुढं बसले, पण काय मागायचं ते सुचेना. जे मागायचं होतं त्याची वेळ निघून गेली होती. सिद्धम्मा कामावर येत होती, यंत्र लावत होती. मग निंबर्ग्याचा एक म्हातारा पायाची जखम बांधून घ्यायला आला. पट्टी बांधताना म्हणाला, "राजूबाईच्या घरी चूल पेटंना झालीय. पोरगं आईच्या हातचं पाणी पीना. अंगारा लावून माझ्या बायकोला मारली म्हणतंय. म्हातारीनं देवाचा दिवा बी सोडला."

सिद्धम्मा दारात मॉप घेऊन उभी होती. तिनं मॉप भिंतीला टेकवला. "सिस्टर, उद्या सुट्टी घ्या," ती म्हणाली. "मला मराठीत नीट सांगता यायचं न्हाई. मधी कन्नड येतं."

आम्ही जीपनं गेलो. तेरावं होऊन गेलं होतं. अंगणात बालाजी बाजेवर बसला होता, पाठ घराकडं. राजूबाई ओसरीत बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती, डाव्या हातानं. उजवा हात मांडीखाली दाबलेला.

सिद्धम्मा उभीच राहिली. माझी गरज तिला लागली नाही.

"राजूअक्का," ती म्हणाली, "तुमच्या अंगाऱ्यानं न्हाई झालं."

राजूबाईनं चमचा थांबवला.

"ताप अंगाऱ्याच्या आधी आला होता. सिस्टरकडं कागद हाय. खंडेनवमीला मी थेटरची कात्री पूजेला काढली. ड्रम उघडला. परत वाफंत लावायचा असतोय, मी लावला न्हाई. तीच कात्री तुमच्या सुनंला लावली."

बालाजी वळला. तो उठला तेव्हा मी एक पाऊल पुढं झाले. पण तो ओसरीच्या खांबापर्यंत आला आणि थांबला.

"परत लावायचा असतोय, हे तुला ठाव होतं का?" राजूबाईनं विचारलं.

"व्हय."

"मग कामून न्हाई लावलास?"

"करंट न्हवता. आन वाटलं, देवापुढनं आलीय."

राजूबाई तिच्याकडं बघत राहिली. "मला बी तेच वाटलं," ती म्हणाली. "देवाचा हाय, त्यानं काय व्हतंय." मग तिचा आवाज बदलला. "सून जाऊन पंधरा दिस झाले. पंधरा दिस मी ह्या हातानं लेकराला शिवले न्हाई. आन तू आता सांगायलीस?"

सिद्धम्मानं मान खाली घातली.

"तुला काय पाहिजे माझ्याकडनं? जा म्हणून सांगू? बस म्हणून सांगू?"

"काय नगं, अक्का."

"मग जा."

आमच्या भागात दारी आलेल्या वैऱ्यालाही तांब्या पुढं करतात. राजूबाईनं केला नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. आम्ही अंगणात चपला घालत होतो तेव्हा मागून बालाजीचा आवाज आला, घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

"आई. भाकर वाढ."

सिद्धम्मा चपलेत पाय घालायचा थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बालाजी आठवड्यानं दोन नातेवाइकांना घेऊन दवाखान्यात आला. मग चौकशी झाली, लिहून घेणं झालं. माझंही लिहून घेतलं. मी जे पाहिलं ते सांगितलं, कुंकवासकट. थेटर दीड महिना बंद होतं. त्या दीड महिन्यात एक अडलेली बाई कलबुर्गीच्या वाटेवर जीपमध्येच गेली, हेही लिहायला हवं. सिद्धम्माला थेटरातून काढून संडास धुवायला लावलं. ती ते मुकाट्यानं करायची आणि फरशी अशी धुवायची की तिथं जेवायला बसावं. थेटर उघडल्यावर चार महिने दुसऱ्या बायकांनी यंत्र लावून पाहिलं. एकीनं ड्रमच्या कडेची, वाफ शिरायची भोकं बंद ठेवूनच तो लावला, वाफ आत गेलीच नाही. शेवटी प्रशांतकुमार स्वतः तिला बोलवायला गेले.

परत आल्यावर ती जास्त कडक झाली आणि कमी बोलायला लागली. अंगठीचे विनोद संपले. ड्रमला तिनं पट्टीखेरीज दोऱ्याची गाठ मारायला सुरुवात केली. गाठ सुटलेली दिसली की ड्रम परत यंत्रात, कुणी सोडली, कामून सोडली, काही विचारायचं नाही. खंडेनवमीची पूजा आता रेघेच्या बाहेर होते, बंद दाराला हळद-कुंकू लावून. तीही हात जोडते. मी एकदा विचारलं, "अक्का, देवावर राग आलाय का?" ती म्हणाली, "त्यानं काय केलं? त्यानं सांगितलं न्हवतं उघड म्हून."

दोन वर्षांनी एका सकाळी राजूबाई दवाखान्याच्या पायरीवर दिसली. सोबत तिची धाकटी लेक ज्योती, पहिलटकरीण, बाळ आडवं. सीझरशिवाय इलाज नव्हता, आणि चाळीस किलोमीटरच्या आत दुसरं थेटर नव्हतं. राजूबाई मला म्हणाली, "ती हाय का अजून?"

"आहे."

"वाफंत कुठं लावती ते? मला बसायचंय तिथं."

नियमात ते बसत नव्हतं. मी प्रशांतकुमारांना विचारलं. ते कागदांतून मान वर न करता म्हणाले, "यंत्राची खोली रेघेबाहेर आहे."

राजूबाई भिंतीला टेकून फरशीवर बसली. सिद्धम्मानं तिला पाहिलं, हातातलं काम सोडलं नाही. अवजारं रचली, झाकण लावलं, पट्टी चिकटवली आणि ड्रम राजूबाईसमोर धरला. "फिकी हाय बघा आत्ता." मग ड्रम यंत्रात गेला. काटा चढायला लागला. दोघी यंत्राकडं तोंड करून बसल्या, मधे हातभर जागा. पाऊण तास त्या खोलीत वाफेच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मी दोनदा डोकावले. दुसऱ्यांदा मी राजूबाईसाठी चहा ठेवला. तो तसाच राहिला.

ड्रम बाहेर आला. पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या होत्या. राजूबाईनं वाकून पाहिलं.

"काळी झाली म्हंजे झालं का?"

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "काळी झाल्यावर कुणी उघडला न्हाई, म्हंजे झालं."

तिनं दोऱ्याची गाठ मारली. ड्रम थेटरकडं निघाला तशी राजूबाई त्याच्या मागं चालत तांबड्या रेघेपर्यंत आली आणि तिथं उभी राहिली. ज्योतीला बाहेर आणेपर्यंत ती बसली नाही.

आठव्या दिवशी टाके कोरडे होते. घरी जायच्या वेळी राजूबाईनं पदराची गाठ सोडली. त्यात अंगारा होता, आठ दिवस तसाच बांधून ठेवलेला.

"आता लावू का, सिस्टर?"

"टाक्याला नको," मी म्हणाले. "कपाळाला लावा."

तिनं उजव्या हातानं लेकीच्या कपाळाला लावला, मग नातवाच्या, मग मला वाकायला सांगून माझ्या. चिमूटभर उरला. समोरून सिद्धम्मा हिरव्या फडक्यांचं गाठोडं घेऊन येत होती. ती जवळ आली आणि तिची पावलं हळू झाली. राजूबाईनं तिच्याकडं पाहिलं.

मग तिनं पदराला परत गाठ मारली आणि लेकीला म्हणाली, "चल, जीप थांबलीय."